व्हिएन्नाचे घोडे, सारंगखेड्याचे घोडे

व्हिएन्नाला गेलात, तर राजवाड्यातले स्पॅनिश रायडिंग स्कूल चुकवू नका. १७३५ साली बांधून झालेली शुभ्र इमारत, वर झुंबरे, खाली संगीताच्या तालावर पावले टाकणारे पांढरे लिपिझ्झानर घोडे! जन्मतः ही शिंगरे काळपट असतात. पांढरा रंग वयाबरोबर चढतो. मी तिकीट काढून पाहत बसलो होतो खरा, पण मनात तापीकाठचा सारंगखेडा उभा राहिला. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक घोड्याची चाल पाहते, अंगावरचे भोवरे निरखते, मगच सौदा ठरतो. व्हिएन्नाची कला राजवाड्याने जपली. इथली पारख बाजारावरच जगते. तो ओस पडला, तर ती कोण शिकवणार? वाचकहो, दिवाळीनंतर दीडएक महिन्यात दत्तजयंती येते. मुलांना घेऊन जाऊन याच!