उच्चाराचा रकाना

शालेय वक्तृत्वाच्या आणि काव्यवाचनाच्या स्पर्धांत परीक्षकांच्या कागदावर 'उच्चार' हा रकाना ठरलेला असतो. घाटकोपर, कुर्ला, अंधेरीच्या वस्त्यांतून येणाऱ्या उर्दूभाषक मुलांचे गुण तिथेच कापले जातात. 'ळ'चा 'ल' झाला, 'पाणी'चं 'पानी' झालं की संपलं. एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थिनीने पोवाडा असा म्हटला की मागच्या बाकांवरची दंगेखोर पोरंही गप्प झाली. कागदावर मात्र उच्चाराला दहापैकी तीन गुण. 'ळ' आलाच पाहिजे, तो मी मुलांकडून घोटून घेते. पण वक्तृत्व म्हणजे एवढंच, ही समजूत मला मान्य नाही.

प्राचीन रोममध्ये वक्तृत्वाचे पाच भाग शिकवत: मुद्दे शोधणं, त्यांची मांडणी, शब्दयोजना, पाठांतर आणि सादरीकरण. या पाचव्या भागाला लॅटिनमध्ये 'प्रोनुन्शिआतिओ' म्हणत. इंग्रजीतला 'प्रोनन्सिएशन' त्यातूनच आला, पण वाटेत अर्थ आक्रसला. रोमन वक्त्यांच्या लेखी त्यात आवाजाचा चढउतार, थांबणं, चेहरा, हात सगळं येत होतं. आपल्या परीक्षकांच्या कागदावर त्यातला फक्त 'ळ' उरला आहे.

हे शास्त्र युरोपात भाषणापुरतं राहिलं नाही, ते गाण्यातही शिरलं. जर्मनीतल्या रोस्टॉक इथे लॅटिन शिकवणाऱ्या योआखिम बुरमाइस्टर या शिक्षकाने 1606 साली एक ग्रंथ छापला आणि संगीतातल्या रचनांना वक्तृत्वातल्या अलंकारांची नावं दिली. 1752 साली बासरीवादक क्वान्ट्झने लिहिलं की वादकाचं सादरीकरण वक्त्याच्या भाषणासारखं असतं. दोघांनाही ऐकणाऱ्याचं मन हलवायचं असतं. म्हणून त्या काळच्या संगीतात उसासा दाखवायचा तर सूर मध्येच तोडत, दुःख दाखवायचं तर सूर पायरी पायरीने खाली आणत. पुढे गुळगुळीत, अखंड सुरांची आवड वाढली आणि बोलण्यासारखं वाजवण्याची ही रीत मागे पडली. विसाव्या शतकात निकोलाउस हार्नोनकोर्टसारख्या संगीतकारांना ती जुन्या ग्रंथांतून पुन्हा शोधावी लागली.

आपल्याला ग्रंथ उकरायची गरज नाही. दहाव्या शतकातल्या अल-फाराबीने अॅरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्रावरही लिहिलं आणि संगीतावरही मोठा ग्रंथ लिहिला. लखनऊच्या मीर अनीसांचा मर्सिया पाहा. चेहरा म्हणजे प्रस्तावना, सरापा म्हणजे नायकाचं वर्णन, मग रुखसत, आमद, रजज, जंग, शहादत आणि शेवटी बैन, म्हणजे विलाप. रोमन गुरूंनी शिकवावी तशी ही मांडणी आहे. तो तहतुल्लफ्ज, म्हणजे चाल न लावता, वाचणारा कुठे थांबतो, कुठे आवाज खाली आणतो, यावर मजलिस रडते.

पोवाड्याचंही तेच. आधी नमन, मग कथानक, मध्ये गद्यात निवेदन, झीलकऱ्यांची 'जी जी', लढाईला चढता वेग आणि शेवटी शाहिराचं नाव. ही विद्या ज्यांच्या गळ्यात होती त्यात एक मोठं नाव अमर शेख, बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत ते लाल बावटा कलापथकात गायले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठी माणसाचं म्हणणं एका मुसलमान शाहिराच्या आवाजात मैदानाच्या टोकापर्यंत पोचलं. मराठी कोणाची, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. आज तो प्रश्न न विचारताच एका रकान्यात सोडवला जातो, आणि आठवीतली मुलगी समजून जाते की ही भाषा आपली नव्हे.

पण बोट फक्त बाहेर दाखवून भागणार नाही. आपल्याच जलशांत नातख्वानीच्या वेळी माइकचा 'इको' इतका वाढवतात की शब्द ऐकूच येत नाही. गळा गोड आहे म्हणून सुबहानल्लाह म्हणतो, शायर काय म्हणाला ते कोणाला कळत नाही. परीक्षक शब्दाची साल मोजतात, आपण सुराची साखर चाटतो. अर्थ दोन्हीकडे उपाशी.

माझं म्हणणं साधं आहे. उच्चाराला गुण राहू द्या, पण त्यापेक्षा जास्त गुण अर्थ पोचवण्याला द्या. शिक्षकांनी कविता पाठ करून घेण्याआधी मुलांना तीन प्रश्न विचारावेत: इथे कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, आणि कुठे थांबायचं? ज्या मुलाला याचं उत्तर सापडतं, त्याचा 'ळ' मागाहून येतो. ज्याला फक्त 'ळ' शिकवला, त्याला बोलायचं काय हे कधीच सापडत नाही.