मनीचा नायटा आणि आमची घाई

आमच्या घरी मनी आहे. धाकटीने पावसात भिजलेले पिल्लू उचलून आणले, तेव्हापासून ती घरचीच झाली. गेल्या पावसाळ्यात मनीच्या कानामागचे केस गेले, खपली धरली. घरात पडून असलेली खाजेची ट्यूब आम्ही लावली. आठ दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. असे तीनदा झाले. पुढे धाकटीच्या दंडावर लाल गोल चट्टा उठला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पोत्यात घाला आणि मासळीबाजारात सोडून या." हे ऐकून पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

शेवटी मनीला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. म्हणाले, "हा नायटा, म्हणजे बुरशी आहे. तुमच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. त्याने खाज दबते, बुरशी मात्र पसरते." गळलेल्या केसांवर ही बुरशी वर्षभरही तग धरते, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे मनीला सोडून दिले असते, तरी गोधडीतला रोग घरातच राहिला असता!

मग मांजर, माणूस आणि घर या तिघांचा उपचार आम्ही एकदमच सुरू केला. मनीला पोटातून औषध आणि आठवड्यातून दोनदा चुना-गंधकाच्या औषधी पाण्याची अंघोळ. वास असा, की नाक धरावे! धाकटीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. मुलांच्या आईने अंथरूण-पांघरूण धुऊन काढले, आम्ही रोज ओल्या फडक्याने केस टिपले. महिन्यात मनीला नवे केस आले. आम्ही औषध थांबवणार होतो, पण डॉक्टरांनी अडवले. केस पुन्हा तपासल्यावरच, दहाव्या आठवड्यात, त्यांनी औषध बंद केले.

वाचकहो, केस आले म्हणजे रोग गेला, असे समजू नका. फिनेल, रॉकेल किंवा कुत्र्याच्या गोचिडांचे औषध मांजराला कधीही लावू नका. मांजर अंग चाटते आणि विष पोटात जाते. जीवही जाऊ शकतो. औषधाचे प्रमाण पशुवैद्यालाच विचारा.

धाकटीचा चट्टा गेला. मनी आता मावशींच्याच दारात माशाच्या डोक्याची वाट पाहत बसते. रोग्याला घराबाहेर काढल्याने रोग जात नाही, हे आम्ही तिच्याकडून शिकलो.