घरचे की रानचे?

तयार माल बाजारातून उचलावा की कच्चा माल आणून घरी घडवावा, हा प्रश्न पेढीवर बसणाऱ्यास नवा नाही. तोच प्रश्न आज घरातील दहा-बारा वर्षांचे मूल पडद्यावर सोडवीत असते, हे मात्र वडीलधाऱ्यांच्या फारसे ध्यानी येत नाही. पोकेमॉन या जपानी खेळात काल्पनिक प्राणी जमवायचे, त्यांना शिकवून तयार करायचे आणि इतरांच्या प्राण्यांशी झुंजवायचे असतात. (झुंजीत प्राणी मरत नाही, मूर्च्छित होतो, एवढा खुलासा येथे आवश्यक.) प्राणी मिळविण्याचे मुख्य मार्ग दोन. गवतात, गुहेत, पाण्यात भेटेल तो पकडावा. अथवा आपल्याजवळच्या दोघांची जोडी लावून अंड्यातून नवा जन्मास आणावा.

खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण तोक्यो परिसरातील माचिदा येथे किडे गोळा करण्यात गेले. त्या छंदातूनच हा खेळ सुचला. फेब्रुवारी १९९६ मध्ये तो जपानात आला तेव्हा त्यात मुख्यतः पकडणेच होते. जोड्या लावणे आणि अंडी १९९९ च्या गोल्ड व सिल्व्हर या आवृत्त्यांबरोबर आली. या अंड्यांनी पुढे आपल्याकडे न्यायालयाची पायरीही चढली. रस्त्यावर चालत खेळावयाच्या ‘पोकेमॉन गो’मध्ये हिंदू व जैन मंदिरांच्या ठिकाणी अंडी मिळतात, अशी तक्रार करणारी जनहित याचिका २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात दाखल झाली होती. ‘गो’मध्ये जोड्या लावता येत नाहीत, वाटेवरच्या ठिकाणांहून मिळालेले अंडे चालून उबवावे लागते. येथे विषय आहे तो मूळ खेळाचा.

मूळ खेळातील हिशेब मोठा मार्मिक आहे. २००२ नंतरच्या मुख्य आवृत्त्यांत प्रत्येक प्राण्याच्या सहा क्षमतांना जन्मतःच शून्य ते ३१ यांपैकी एकेक आकडा लाभतो. जपानी खेळाडू त्यास ‘कोताइची’ म्हणतात. आपण जन्मगुण म्हणू. दुसरी जमा ‘दोर्योकुची’ची, म्हणजे परिश्रमाची. ती मुख्यतः झुंजून आणि शिकवून वाढते. शंभराव्या पातळीवर एका क्षमतेत जन्मगुणाने अधिकाधिक ३१ गुणांची भर पडते, तर परिश्रमाने ६३ गुणांची. परिश्रमाची एकूण मर्यादा ठरलेली असल्याने सहाही क्षमतांत पूर्ण जमा होत नाही, दोनच जेमतेम भरतात. म्हणून कोठे खर्च करावयाचा हे आधी ठरवावे लागते. याखेरीज स्वभावाचे पंचवीस प्रकार आहेत. बहुतेक स्वभाव एक क्षमता दहा टक्क्यांनी वाढवितात आणि दुसरी तितकीच उतरवितात.

रानात चाळिसाव्या पातळीला सापडलेला धिप्पाड प्राणी पाहून मूल हरखते. परंतु त्याच्या परिश्रमाचे खाते कोरेच असते. पाचव्या पातळीपासून सांभाळून चाळिसाव्यापर्यंत आणलेला त्याच जातीचा प्राणी, जन्मगुण सारखे असता, त्याच्याहून सरस ठरतो. अर्थात पकडलेल्याचे खातेही त्या दिवसापासून भरता येते. कथाभाग पूर्ण करणाऱ्या मुलाने जन्मगुणांची काळजी करण्याचे कारणच नाही. रानातला घ्यावा, जीव लावून वाढवावा. तेवढ्यावर खेळ सहज पार पडतो.

प्रश्न येतो स्पर्धेत. सर्व सहा जन्मगुण ३१ असलेला सामान्य प्राणी रानात योगायोगाने भेटण्याची शक्यता १०७ कोटी ३७ लाखांत एक. घरी मात्र २०१३ च्या एक्स व वाय या आवृत्त्यांपासून एक विशिष्ट वस्तू जोडीतील एकाजवळ ठेवली की आईबापांचे पाच जन्मगुण अपत्यात उतरतात. दोघेही परिपूर्ण असल्यास सहावा ३१ येण्याची शक्यता बत्तिसांत एक. हे आईबाप मिळविण्यासाठीच कित्येक पिढ्या उबवाव्या लागतात आणि बहुतेक अंड्यांना हजारो पावले चालावे लागते. मूल तासन्‌तास पडद्यावरची सायकल एकाच रस्त्यावर मागेपुढे फिरवीत बसते. एका आकड्यासाठी! अधिकृत स्पर्धांत गेली बरीच वर्षे सर्वांना पन्नासाव्या पातळीवर आणले जाते. तेथे हा ३१ चा लाभ जेमतेम पंधरा-सोळाचा उरतो. अटीतटीच्या सामन्यात एका गुणाच्या वेगानेही निकाल फिरतो हे खरे. पण ज्याला सामना खेळावयाचाच नाही, असे मूलही या मागे लागते.

या खटाटोपाची कल्पना खुद्द निर्मात्यांनाही आली असावी. २०१६ च्या सन व मून आवृत्त्यांपासून शंभराव्या पातळीवरील प्राण्याच्या उण्या क्षमता विशेष शिक्षणाने पूर्ण मोलाच्या करता येऊ लागल्या. २०२२ च्या स्कार्लेट व व्हायोलेटमध्ये ती अट पन्नासाव्या पातळीवर आली. २०१९ पासून पुदिन्याची पाने देऊन स्वभावाचा परिणामही पालटता येतो. रानचा आणि घरचा यांतील दरी त्यामुळे पुष्कळ बुजली. मात्र शिक्षणाने मिळविलेली ही पूर्णता अपत्यात उतरत नाही. अंड्यात जातो तो मूळचाच आकडा.

शिवाय म्यूटूसारखे दुर्मीळ प्राणी जोडी लावून मिळतच नाहीत. ते पकडावेच लागतात.

राहता राहिली उरलेली पिल्ले. एक मनाजोगे निघेपर्यंत तीस-चाळीस नको असलेली साठतात आणि पेट्या भरून जातात. ‘सोडून द्यावे काय?’ असे यंत्र विचारते, मूल ‘होय’ दाबते. ते नुसते आकडे आहेत, कोणताही जीव नाही. तरीही काही मुलांचा अंगठा तेथे क्षणभर थांबतो, आणि तो थांबणे वडीलधाऱ्यांनी हसण्यावारी नेऊ नये. एक्स व वाय आवृत्त्यांनी त्या मुलांसाठी आणखी एक वाट काढली होती. आपल्याकडील प्राणी अनोळखी खेळाडूकडे पाठवायचा आणि बदल्यात येईल तो स्वीकारायचा. कोणाला काय मिळेल हे आधी कळत नाही. तेव्हापासून कित्येक खेळाडू पाच जन्मगुण पूर्ण आणि एकच उणा असलेली पिल्ले या वाटेने पाठवीत आले. ज्याने नुकताच खेळ सुरू केला, ज्याच्याजवळ रानातले चार-दोनच प्राणी आहेत, अशा दूरदेशीच्या एखाद्या मुलाच्या पेटीत ते टाकाऊ पिल्लू जाऊन पडते. त्या मुलाच्या लेखी त्याहून उत्तम प्राणी त्याने तोवर पाहिलेलाच नसतो.