‘मुलीला कोण सांभाळतं?’ : मुलाखतीच्या खोलीतला न छापलेला नियम

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यानंतरचा आठवडाभर वर्तमानपत्रं याच बातम्यांनी भरली होती. कामगार संघटनांचा विरोध, उद्योजकांचं स्वागत, ग्रॅच्युइटीचे नवे हिशेब. त्यातच जागोजागी एक चौकट दिसत होती : स्त्रियांना रात्रपाळी खुली, सर्व प्रकारची कामं खुली, समान कामाला समान वेतन. त्या चौकटी वाचून एखाद्याला वाटावं की आजवर कारखान्यांचं दार कायद्याने बंद ठेवलं होतं आणि सरकारने ते आता उघडून दिलं.

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात काम करणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही हे पटणं कठीण आहे. महाराष्ट्रात कारखान्यांतली स्त्रियांची रात्रपाळी २०१५ सालीच काही अटींवर खुली झाली होती. भरतीच्या वेळी स्त्री म्हणून भेदभाव करायचा नाही, हे तर १९७६ च्या समान वेतन कायद्याच्या पाचव्या कलमात लिहिलेलं होतं. तेच तत्त्व आता २०१९ च्या वेतन संहितेच्या तिसऱ्या कलमात आलं आहे. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं कायदा आपल्या बाजूने आहे. मग बाई अडते कुठे?

त्याच आठवड्यातली एक मुलाखत सांगते. २५ नोव्हेंबर, मंगळवार. आपण सगळ्याजणी स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरोधी पंधरवड्याच्या तयारीत होतो. पिंपळे सौदागरला राहणारी, आमच्या गटात येणारी एक बाई त्या दिवशी चाकणला मुलाखतीला गेली. वय २९, मेकॅनिकलचा डिप्लोमा, लग्नाआधी तीन वर्षं क्वालिटीत काम केलेलं, नंतर पाच वर्षं घरी. मुलगी चार वर्षांची. नवऱ्याची नोकरी आहे, पण घराच्या हप्त्याला एक पगार पुरत नाही. पिंपळे सौदागरच्या उंच इमारतींकडे पाहून बाहेरच्यांना वाटतं की इथे कुणाला गरज असणार! त्या इमारतींतल्या कितीतरी घरांत शिकलेल्या बायका अशाच घरी बसल्या आहेत, आणि त्यांच्या घरी धुणीभांडी करायला रहाटणी-काळेवाडीहून येणाऱ्या बाईलाही कारखान्यातलं कायमचं काम मिळालेलं नाही. दोघींच्या परिस्थितीत फरक मोठा आहे, पण नोकरी मागायला गेल्यावर दोघींना विचारले जाणारे प्रश्न मात्र सारखेच.

मुलाखत वीस मिनिटांची झाली. परत आल्यावर तिने गटात बसून सगळे प्रश्न आठवून सांगितले, आम्ही ते लिहून काढले. एकूण अकरा. त्यांपैकी कामाचे दोन : व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट किती, आणि नापास झालेला माल वेगळा कसा ठेवतात. दोन्हींची उत्तरं तिने बरोबर दिली. बाकीचे नऊ असे. मिस्टर काय करतात? सासूबाई तुमच्याजवळ असतात का? मुलीला कोण सांभाळतं? ती आजारी पडली तर? दुसऱ्याचा काही विचार? पाच वर्षं घरी का बसलात? सेकंड शिफ्ट रात्री सुटते, घरचे सोडतील का? नाइट चालेल का? मिस्टरांची बदली झाली तर? शेवटी, “कळवतो.” कळवलं नाही. आठ दिवसांनी तिने फोन केला तेव्हा जागा भरल्याचं सांगण्यात आलं.

आता या बाईने तक्रार करायची तर कशाची? तिच्या हातात एक चिठ्ठीही नाही. ‘तुम्हाला मूल आहे म्हणून घेत नाही’ असं कुणी म्हटलेलं नाही. विचारणारी माणसं उद्धटही नव्हती, चहा दिला, मॅडम म्हणाली. तिच्याच वर्गातल्या मुलांना, त्यांनाही मुलंबाळं आहेत, मुलाखतीत मुलं कोण सांभाळतं हे विचारलेलं नाही. आमच्या मते भेदभाव ओळखायची सर्वांत सोपी खूण हीच आहे.

या जागी एका जुन्या मुलाखतीची आठवण येणं साहजिक आहे, कारण ती याच पट्ट्यातली. १९७४ साली टेल्कोने इंजिनिअरांसाठी जाहिरात दिली, त्यात स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी ओळ होती. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीचं बोलावणं आलं, पिंपरीच्या कचेरीत मुलाखत झाली, आणि त्या टेल्कोतल्या पहिल्या स्त्री इंजिनिअर ठरल्या. ही गोष्ट शाळेपासून आपण एका मुलीच्या धैर्याची आणि एका मोठ्या उद्योगपतीच्या मोठेपणाची म्हणून ऐकतो. ते खरंच आहे. पण चळवळीच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची बाब वेगळी आहे : ती बंदी छापलेली होती. छापलेली होती म्हणून तिच्यावर बोट ठेवता आलं. पुढच्याच वर्षी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. आता मोठी कंपनी अशी ओळ छापायला धजावणार नाही. आज टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात फक्त स्त्रियांनी चालवलेली जुळणीची लाइन आहे, तिचं कौतुक आपणही करतो. मात्र जाहिरातीतून गेलेली ओळ मुलाखतीच्या खोलीत तोंडी जिवंत राहिली, हेही पाहिलं पाहिजे.

न्यायालयांत ज्या लढाया आपण जिंकल्या त्या बहुतेक अशाच लिहिलेल्या नियमांविरुद्धच्या आहेत. बाँबे लेबर युनियनने इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषध कंपनीविरुद्ध नेलेल्या खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने लग्न होताच नोकरी संपवणारा नियम रद्द केला. कंपनीचं म्हणणं होतं की विवाहित बायकांच्या रजा जास्त होतात. अविवाहित किंवा विधवा स्त्रियांपेक्षा विवाहितेची गैरहजेरी जास्त असते याला आधार नाही, फरक फक्त बाळंतपणाच्या रजेचा, आणि त्यासाठी चार बदली कामगार ठेवता येतील, असं न्यायालयाने बजावलं. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांनी आपल्या अर्जात सांगितलं होतं की निवडीच्या वेळी त्यांना या सेवेपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न झाला आणि लग्न केल्यास राजीनामा देईन असं लिहून घेतलं गेलं. १९७९ च्या निकालात त्या सेवेतल्या विवाहाच्या नियमांवर न्यायालयाने कडक शब्दांत ताशेरे ओढले. आयुर्विमा महामंडळाच्या छापील फॉर्मवर तर बायकांना मासिक पाळीच्या तारखा विचारलेल्या होत्या. १९९१ साली नीरा माथुर यांच्या खटल्यात न्यायालयाने ते रकाने काढायला सांगितले. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस स्टेट बँकेने तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस गेलेल्या उमेदवार स्त्रीला ‘तात्पुरती अपात्र’ ठरवणारं परिपत्रक काढलं आणि आरडाओरड झाल्यावर जानेवारी २०२२ संपायच्या आत मागे घेतलं. प्रत्येक वेळी हातात कागद होता.

कागद नसेल तर काय होतं हे जून २०२४ मध्ये दिसलं. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ आयफोन जुळवणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना भरतीतच बाजूला काढलं जातं, अशी बातमी रॉयटर्सने दिली. कंपनीने अशा धोरणाचा इन्कार केला. केंद्रीय कामगार मंत्रालयाने समान वेतन कायद्याच्या पाचव्या कलमाचा हवाला देऊन राज्य सरकारकडे अहवाल मागितला. भरती करणारे मध्यस्थ वेगळे, कारखाना वेगळा, त्यामुळे जबाबदारी कुणाची हे धूसर. चाकणला हे चित्र आपल्याला परकं नाही. इथेही कंपनीच्या गेटपर्यंत पोचण्याआधी ठेकेदाराचा माणूस भेटतो. त्याच्या व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातीत ‘मुली पाहिजेत, वय १८ ते २५’ असतं. ‘अविवाहित’ हा शब्द घालण्याची गरजच पडत नाही, वयातच तो बसवलेला असतो. ठरावीक मुदतीची, शिकाऊ म्हणून घेतलेली मुलगी लग्नाच्या वयाला येईतो तिची मुदत संपते. लाइनवर बायकाच बायका दिसतात, पण त्यात आई झालेली बाई किती, हे कुणी मोजत नाही.

मालकवर्गाचं एक म्हणणं आपण नीट ऐकून घेतलं पाहिजे, कारण ते अगदीच खोटं नाही. २०१७ साली बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं, आणि रजेच्या पगाराचा भार सरकारने उचलला नाही. छोट्या कारखानदाराने आकडे मांडले तर त्याला बाई महाग वाटते. भार एकट्या मालकावर टाकण्यात चूक आहे, हे आपणही म्हणत आलो आहोत. पण या पट्ट्यातल्या शॉपफ्लोअरवरच्या बहुतेक बायकांना हा युक्तिवाद लागूच पडत नाही. कामगार राज्य विमा योजनेत असलेल्या बाईचे बाळंतपणाचे पैसे मालक देत नाही, विमा महामंडळ देतं. २०१७ पासून महिना २१ हजारांपर्यंत पगार असणारे कामगार या योजनेत धरले गेले. त्यासाठी मालकाचा हप्ता स्त्रीपुरुष दोघांच्याही पगारावर सारखाच कापला जातो, २०१९ पासून सव्वातीन टक्के. म्हणजे पुरुष कामगाराच्या पगारावरही भरलेल्या निधीतूनच बाळंतपणाची सोय होते. तरीही भरतीच्या वेळी बाईलाच विचारणार, ‘दुसऱ्याचा विचार आहे का?’ यात हिशेबापेक्षा सवय जास्त आहे.

दुसरा मुद्दा रात्रपाळीचा. नव्या संहितेत स्त्रीची ‘संमती’ आणि सुरक्षिततेच्या अटी घातल्या आहेत. पण संमती मुलाखतीतच मागितली आणि नकाराला नोकरी नाही, तर ती संमती कसली? नोव्हेंबर २००७ मध्ये गहुंज्याला बीपीओत काम करणाऱ्या एका मुलीवर, रात्रपाळीला नेणाऱ्या गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. ती कंपनीच्याच व्यवस्थेतली गाडी होती. म्हणून रात्रपाळीला आमचा विरोध नाही, बायकांना घरी बसवणारा विरोध आपल्याला नकोच आहे. पण ‘घरचे सोडतील का?’ हा प्रश्न उमेदवाराला विचारण्याऐवजी ‘तुमची गाडी कुठपर्यंत सोडते, चालकाची तपासणी कोण करतं?’ हा प्रश्न कंपनीला विचारला गेला पाहिजे. नाशिक फाट्यापासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंतच्या कोंडीत दोन-दोन तास अडकणाऱ्या बाईला याचं उत्तर नेमणुकीच्या आधी मिळायला हवं.

मग करायचं काय? गटात यावर बराच वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, असे प्रश्न आले की उत्तर द्यायचं नाही, उठून यायचं. काहीजणी म्हणाल्या, खोटं सांगावं, मूल नाहीच म्हणावं. मला दोन्ही मान्य नाही, आणि जी बाई तिथे बसली आहे तिला बाहेरून उपदेश करणंही मान्य नाही. हप्ता तिला भरायचा आहे. तिने तिला सुचेल ते उत्तर द्यावं आणि नोकरी मिळवावी. प्रश्नाला विरोध करण्याचं ओझं एकट्या उमेदवार बाईवर टाकायचं नाही, ते संघटनेने उचलायचं.

त्यासाठी काही कामं लगेच करता येतील. मुलाखतीहून आलेल्या प्रत्येक बाईकडून त्याच दिवशी प्रश्न लिहून घ्यावेत : तारीख, पद, कंपनी की ठेकेदार, किती प्रश्न कामाचे, किती घरचे. नाव गुप्त राहील. ठेकेदारांच्या जाहिराती मोबाइलवर जपून ठेवाव्यात, कारण हल्ली छापील पुरावा राहतो तो तिथेच. अशी शंभर पानं जमली की पुण्याच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात वेतन संहितेच्या तिसऱ्या कलमाखाली एकत्र निवेदन देता येईल. या संहितेत पहिल्या गुन्ह्याला २० हजारांपर्यंतचा दंड एवढीच शिक्षा आहे, जुन्या कायद्यात भरतीतल्या भेदभावाला कैदही होती, हे त्या निवेदनात ठळक लिहावं. मोठ्या कारखान्यांनी दरवर्षी किती स्त्रियांनी अर्ज केले, किती घेतल्या, त्यांत किती विवाहित, हे जाहीर करावं अशी मागणी करावी. मुलाखतीत कुणी अंगलट येणारं बोललं तर २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा नोकरीत नसलेल्या बाईलाही लागू होतो, हे प्रत्येक मुलीला माहीत असावं. आणि जिची मुदत बाळंतपणात संपते तिला सांगावं की करार संपला तरी बाळंतपणाचे लाभ पूर्ण मिळतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे.

वर सांगितलेली बाई अजून नोकरी शोधते आहे. पुढच्या मुलाखतीची तारीख आली की तिच्यासोबत गटातली एकजण चाकणपर्यंत जाणार आहे. भोसरी, तळवडे, रांजणगाव, तळेगाव इथल्या गटांनीही आपापल्या भागातले असे प्रश्न लिहून पाठवावेत. पुढच्या अंकात ते एकत्र छापण्याचा विचार आहे.