ट्रॅक्टरची वाढीव वॉरंटी : वर्षे नव्हे, तास मोजा

नवा ट्रॅक्टर घेताना शोरूममध्ये हमखास विचारतात : वाढीव वॉरंटी घ्यायची का? हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या सोयाबीन-हळदीच्या पट्ट्यात ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडणे परवडत नाही. म्हणून भीतीपोटी होकार दिला जातो. तो हिशेब करूनच द्यावा.

मुदत कशी मोजतात?
अट बहुधा ‘वर्षे किंवा तास, जे आधी पूर्ण होईल ते’ अशी असते. समजा, ती ५ वर्षे किंवा ५ हजार तास आहे. घरच्या शेतीत वर्षाला ५०० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला पूर्ण ५ वर्षे मिळतात. भाड्याने २ हजार तास चालणाऱ्याची मुदत अडीच वर्षांतच संपते.

काय तपासावे?
टायर, बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेक लायनर हे झिजणारे भाग सहसा वगळलेले असतात. इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रॉलिकचा खर्च मिळेल का, भाड्याचे काम चालेल का, हे लेखी घ्यावे. वेळेवर सर्व्हिसिंग नसेल तर दावा नाकारला जाऊ शकतो. बिले जपून ठेवावीत.

दावा नाकारला तर?
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणाराही ग्राहकच ठरतो. त्याला दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मोठे भाग वगळलेले असतील, तर वॉरंटीचे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले बरे.