आयर्विनला किती फूट, हे कळतं. माझ्या दारात कधी, हे कोण सांगणार?

पाऊस लागला की माझा फोन थांबत नाही. "पत्रकार, आयर्विनला किती झालं?" मी सांगतो, अडतीस फूट. लगेच पुढचा प्रश्न, "मग आमच्याकडं येतंय का?" इथं माझी बोलती बंद. वीस वर्षं बातमीदारी करतोय, पण याचं उत्तर माझ्याकडं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी धान्याची पोती आणि शिलाई मशीन उचलून ठेवलं. २००५ च्या खुणेच्या हातभर वर. "तवा इथवर आलतं, आता ह्याच्यावर कुठलं येतंय!" पाणी त्याच्याही वर गेलं. आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढं होतं. मावशींचं चुकलं नाही. जेवढं माहीत होतं, त्यात त्यांनी शहाणपणच केलं. आकडा मी रोज देत होतो, पण त्याचा अर्थ त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचवला नाही. ही माझी चूक.

त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि १७ जीव गेले. पाणी दारात आल्यावर बाहेर पडायचं म्हटलं की बोटीशिवाय काही हातात राहत नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला लगेच येत नाही, मध्ये बरेच तास असतात. पाऊस मोजला जातो, विसर्ग मोजला जातो. विज्ञान आहे हो, पण ते कंट्रोल रूमपर्यंत येऊन थांबतं.

पूर ओसरल्यावर ट्रक भरून बिस्किटं, चादरी येतात. देणाऱ्यांना मनापासून नमस्कार. पण तेव्हा खरी भीती पिण्याच्या पाण्याची असते. गढूळ पाण्यात टीसीएल टाकली की बरीचशी गाळातच खर्ची पडते. उघड्या, ओल्या पोत्यातल्या पावडरीचा तर जोर आधीच गेलेला असतो. म्हणून टाकल्यावर ओटी टेस्ट करायची. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन उरलंय, नाही झालं तर पुन्हा टाका. काही मिनिटांचं काम, पण फोटो चांगला येत नाही म्हणून कुणी विचारत नाही! चिखल काढताना पायाला जखम असेल तर लेप्टोचा धोका. गमबूट घाला, ताप आला तर अंगावर काढू नका. हे सांगणं म्हणजे मदत नाही का?

कुणी म्हणेल, विज्ञानानं पूर थांबतो काय? नाही थांबत. पण म्हाताऱ्या माणसांना रात्री दोन वाजता गळ्याएवढ्या पाण्यातून काढायचं, की आदल्या दिवशी दुपारी रिक्षात बसवून पाहुण्यांकडं सोडायचं, एवढा फरक नक्की पडतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गल्लीच्या तोंडावर एका खांबावर रंगानं लिहा: आयर्विनला अमुक फूट झालं की इथं पाणी येतं. खाली २००५, २०१९, २०२१ च्या खुणा करा. आणि पूर ओसरल्यावर रोजच्या ओटी टेस्टचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. याला फार मोठा निधी लागत नाही, रंगाचा डबा आणि चार जाणती माणसं लागतात.

सुरुवात आपणच करू. तुमच्या गल्लीत किती फुटाला पाणी येतं, ते गल्लीच्या नावासकट खाली लिहा. घरातल्या जुन्या माणसांना विचारून लिहा. मी सगळं एकत्र करून यादी लावतो. यंदा कुणी विचारलं "आमच्याकडं येतंय का?", तर मला उत्तर द्यायचंय.