जावाच का?

परवा मेसवरून परतताना आमच्या विंगमध्ये नेहमीचा वाद पेटला. बॅकएंडमध्ये करिअर करायचं तर शिकायचं काय? एकजण म्हणे गो, दुसरा म्हणे रस्ट, तिसरा नोड सोडून बोलेना. मी म्हटलं, "जावा." लगेच पीजे आला, "कुणाच्या जावा? आईच्या की काकूच्या?"

हसा मित्रांनो! १९९५ साली आलेली, म्हणजे वयाने आपल्याहून मोठीच. पण मी तिच्याकडे वळलो ते एका इंटरव्ह्यूत माती खाल्ल्यावर.

माझ्या रेझ्युमेवर पाच भाषा होत्या. सरांनी एकीबद्दलही विचारलं नाही. म्हणाले, "बसमध्ये एकच सीट उरलीय. दोघांनी एकाच क्षणी बुक केली. तुझा प्रोग्रॅम काय करील?" मी ऐटीत सांगितलं, सीट शिल्लक आहे का बघायचं, असेल तर एक कमी करायची. झालं! दोघांनाही "शिल्लक आहे" दिसलं आणि माझ्या बसमध्ये एका सीटवर दोघे बसले. बघणं आणि कमी करणं यांच्यामधल्या फटीतच दुसरा घुसतो. 'शून्याहून जास्त असेल तरच एक कमी कर' असा एकच अपडेट डेटाबेसला द्यायचा, हे मला रूमवर आल्यावर कळलं.

पाच भाषा शिकूनही हे का सुचलं नाही? कारण दर सेमिस्टरला भाषा बदलली की गाडी फॉर-लूप आणि लॉगिन पेज यांच्या पुढे जातच नाही. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

मग मुक्काम कुठे करायचा? जिथे आधीच्यांनी भरपूर चुका करून ठेवल्यात तिथे! कॅसान्ड्रा, इलॅस्टिकसर्च, हडूप हे सगळं जावात लिहिलेलं आहे आणि त्यांचा कोड वाचायला मिळतो. शिवाय म्हातारी काही थांबलेली नाही. २०१४ च्या जावा ८ मध्ये लॅम्डा आले, २०२३ च्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड्स. (सरांना नम्र विनंती : लॅब मॅन्युअलमध्ये अजून कुठे ॲपलेट्स असतील तर काढून टाका. २०१७ च्या जावा ९ पासूनच ते कालबाह्य ठरवलेत!)

तोटे आहेतच. चार ओळींच्या कामाला चौदा ओळी लागतात. मेमरीचं तर विचारूच नका. आणि नोकरी लागल्यावर कुणाचा तरी दहा वर्षांचा जुना कोड गळ्यात पडण्याची शक्यता दाट. तो वाचता येणं हीच तर नोकरी, असं मला तरी वाटतं. रूममेटला हे अजिबात पटत नाही. असो.

सध्या तोच बस बुकिंगचा प्रोग्रॅम जावात लिहितोय. एका सीटवर दोघे आता बसत नाहीत. पण 'तिकीट रद्द करा' हे बटण कुणी घाईत दोनदा दाबलं, की एकाऐवजी दोन सीटा परत येतात!